दारातली मुळी

रानात दवाखाने नवे नवे होते, तेव्हाची ही गोष्ट. सगळ्या वैद्यांनी एकजूट करून कामं वाटून घेतली. सर्पदंश टेकडीवरच्या अस्वलाकडे गेला आणि मुंगसाकडे मोडलेली हाडं आली. मुंगूसदादा पिढीजात विषवैद्य. पण वैद्यांच्या सभेने त्याला कारभारी नेमलं, म्हणून त्यानेही या वाटणीला मान डोलावली.

एके सकाळी सशीण सापाने डसलेलं पिल्लू पाठीवर घेऊन त्याच्याकडे धावत आली.

"बाई, विष आता टेकडीवर उतरवतात," मुंगूस म्हणाला.

"दादा, विष उतरवायची मुळी तर तुमच्या दारात उगवलीय!"

"उगवलीय गं. पण शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

सशीण टेकडी चढली. अस्वल म्हणालं, "आमच्या मुळ्या संपल्यात. मुंगसाच्या दारातून घेऊन ये, लगेच विष उतरवतो."

ती धापा टाकत परतली. तिला लांबून पाहताच मुंगसाने नखांनी मुळी उकरली आणि तो पुढे धावला. पिल्लाची मान लोंबत होती.

"ही घे," तो कसाबसा म्हणाला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "राहू द्या दादा. तुम्ही तरी काय करणार? तुमच्याकडे हाडांचं काम आहे ना."

मुळी मुंगसाच्या हातातच राहिली. तोंड लपवायला त्याला जागा उरली नव्हती.