चाळीस कोसांचा वारा

निरोप पारवे पोचवत तेव्हाची गोष्ट. टोपलीतून दूरच्या शहरी नेलेला एक पारवा त्या सकाळी तिथून सुटून घरी यायचा होता. दुपारी अंडी उबवायची पाळी त्याचीच होती.

अंड्यांवर बसलेल्या पारवीने वर घिरट्या घालणाऱ्या घारीला विचारलं, "घारताई, तिथून यायला किती वेळ लागतो?"

"चाळीस कोस आहे. कालच मी तिकडे गेले, दोन तास लागले."

दोन तास गेले, चार गेले. शोधायला जावं, तर अंडी गार पडतील. पारवी दोनदा उठली, दोनदा बसली.

ऊन कलताना पारवा कसाबसा घरट्यात उतरला. "वाटभर वारा तोंडावर होता," तो धापा टाकत म्हणाला आणि अंड्यांवर बसला.

पारवीने वर पाहिलं. "ताई, काल तुम्हाला वारा कुठून होता?"

"पाठीमागून," घार म्हणाली. "तू ते विचारलंच नाहीस."