पाचव्या समिधेचे कुंड

पूर्वी कृतयुगात, देवांचे रथ पृथ्वीवर उतरत तेव्हा धूळही सुगंधी होत असे म्हणतात त्या काळी, उत्तरेस त्रिशिख नावाच्या गिरीखाली हिमदंष्ट्र हा असुर राहत होता. शस्त्राने, मंत्राने किंवा देवाच्या हातून आपल्याला मरण येऊ नये, असा वर त्याने ब्रह्मदेवाकडून मिळवला होता. त्याच्या श्वासाने नद्या थिजत आणि गाभण गाई उभ्या जागी दगड होत. मारता येत नाही त्याला निजवावे, असे अग्नीने ठरवले. गिरीच्या माथ्यावर, असुराच्या नेमक्या छातीवर, तो कुंड करून बसला आणि त्याने पाच ऋषींना बोलावून घेतले.

"रोज पहाटे, तोंडातून दुसरा शब्द निघण्यापूर्वी, पाचांनी आपापल्या हाताने एकेक समिधा मला द्यावी. पाच हात येत राहतील तोवर हा उठणार नाही आणि मंदस्रवा नदी वाहती राहील. एवढेच तुमचे काम. बाकी आयुष्यात काहीही केले नाहीत तरी चालेल."

हे शेवटचे वाक्य पुढे कोणाच्याही स्मरणात राहिले नाही.

शंभर वर्षे पाचही हात नेमाने आले. नदी वाहिली, खोऱ्यात धान्य पिकले, ऋषींच्या आश्रमाची कीर्ती झाली आणि कीर्तीमागून राजे आले. कोणाला यज्ञाचा मुहूर्त हवा होता, कोणाला दोन राण्यांच्या भांडणात निवाडा. पाचांतले थोरले, कुलपती दीर्घश्रवा, यांना नाही म्हणणे आठवेनासे झाले. ज्याला सर्व जण विचारतात त्याला ते फार लवकर विसरायला होते. पाच ऋषींची सभा रोज भरू लागली. पहाट अपुरी पडू लागली.

त्यांपैकी एक ऋषी वारला आणि त्याच्या आसनावर त्याची कन्या शाल्वती बसली. तिची आई खाली खोऱ्यातच राहिली होती. आईच्या चुलीचा धूर माथ्यावरून दिसे. रोज समिधा टाकल्यावर शाल्वती तो पाही, आणि मगच तिचा दिवस सुरू होई.

एके दिवशी शांडिक ऋषी, ज्यांच्या वाणीपुढे बृहस्पतीही थबकावा असे त्यांचे स्वतःचे मत होते, सभेत म्हणाले, "शास्त्रात प्रतिनिधी मान्य आहे. यजमान आजारी असता पुत्र आहुती देतो. मग आपल्या चौघांच्या समिधा दर्भाने बांधून शाल्वतीनेच का देऊ नयेत? तिचे हात तरुण आहेत."

"यजमान आजारी असता," शाल्वती म्हणाली. "आपल्याला काय झाले आहे, भगवन्?"

"कार्यबाहुल्य," शांडिक म्हणाले, आणि चौघे हसले.

"अग्नीने हात मागितले होते. मोळी नव्हे."

"वत्से," दीर्घश्रवा मृदू स्वरात म्हणाले, "तुझा पिताही असाच हट्टी होता. तू आमच्या वयाची होशील तेव्हा तुला कळेल, की मोठ्यांना एकच काम नसते."

"एकच होते, आर्य. ते सोडून बाकीची तुम्ही बोलावून आणलीत."

तिचे बोलणे वाऱ्यावर गेले. मोळी मात्र तिच्या हाती आली. तिने ती नाकारली नाही. पाच जणांचे काम मी एकटी करते, हा अभिमान तिच्या मनात कधी शिरला ते तिलाच कळले नाही. त्या वर्षी नदीच्या काठांवर प्रथमच बर्फाची कड दिसली. खोऱ्यातून आईचा निरोप आला: "पोरी, घागर बुडवताना काचेसारखे काही फुटते. वर सगळे ठीक आहे ना?" शाल्वतीने निरोप सभेत सांगितला.

"गंभीर आहे," दीर्घश्रवा म्हणाले. "यावर विचार व्हायलाच हवा. अग्निरक्षणाची सूत्रे रचू, म्हणजे पुढच्या पिढ्या चुकणार नाहीत."

आणि सूत्रांची सभा बसली. समिधा पळसाची श्रेष्ठ की खैराची, यावर तीन दिवस वाद झाला. चौथ्या पहाटे शाल्वती मोळी घेऊन कुंडाकडे निघाली असता शांडिकांनी तिला दारात अडवले.

"पाचवे मत हवे. दोघे पळसाचे, दोघे खैराचे. बस, लगेच सोडतो."

"अग्नीचे काय?"

"त्याचाच तर विषय चालला आहे!"

ती "कोरडी असेल ती," एवढे बोलून निघून गेली असती तर? पण इतक्या वर्षांत प्रथमच तिच्या मताला वजन आले होते. चारही पांढऱ्या दाढ्या तिच्याकडे वळल्या होत्या. मोळी दारात टेकवून ती बसली, आणि बोलली, आणि उत्तम बोलली. एकेकाचे वचन तिने त्याच्याच वचनाने खोडले. तिने वाद जिंकला तेव्हा सूर्य चार हात वर आला होता.

त्याच क्षणी पायांखालचा गिरी एकदा खोल श्वास घेतल्यासारखा उचलला गेला.

शाल्वती माथ्यावर धावली. कुंडात राख होती आणि राखेवर दव गोठले होते. खाली मंदस्रवा एखाद्या टाकलेल्या कातीसारखी पांढरी, निश्चल पडली होती. दूरच्या गावांतील माणसे गुरे हाकत दक्षिणेकडे पळत होती. गिरीच्या पायथ्याशी जिथे आईची चूल होती तिथे मात्र धूर नव्हता. ती पाहत राहिली. धूर आला नाही.

राखेतून अग्नीचा क्षीण स्वर आला. "असुराने काहीही केले नाही, मुली. तो फक्त वाट पाहत राहिला."

"मीही बसले होते, देवा."

"हो. तूही."

तिने मोळीचा दर्भ तोडला. चौघांच्या समिधा बाजूला ठेवल्या, आपली एक उचलली, आणि ती हातात धरून स्वतः कुंडात उतरली.

"नदी सोड."

"पाच हातांची नदी एका हाताने सुटत नाही," अग्नी म्हणाला. "पाचवा हिस्सा देतो." आणि चारही ऋषी धापा टाकत पोचले तेव्हा त्यांना तो म्हणाला, "तुम्ही बसा. तुमची सभा मी मोडत नाही. ती कधीच संपणार नाही."

ते चौघे तिथेच, एकमेकांकडे तोंडे करून, शिळा झाले. आजही त्रिशिखावर वारा सुटला की त्यांच्यामध्ये अडकतो आणि कोणी कोणाचे ऐकत नसल्यासारखा आवाज येतो. गिरी पुन्हा हलला नाही, पण हिम तिथून कधी हटले नाही. त्या हिमात, शाल्वती उतरली तिथे, एकच उष्ण पाण्याचे कुंड आहे. त्याच्या पाण्यावर दक्षिणेकडची चार गावे कशीबशी जगतात. तिथल्या बायका सकाळी चूल पेटेपर्यंत कोणाशी एक शब्द बोलत नाहीत. दारात थोरला पाहुणा उभा असला, तरी नाही.

आणि पहिला धूर वर चढला की कुंडातून वाफेचा एक लोट उठतो, थोडा वेळ खोऱ्याकडे वाकतो, आणि काहीच न सापडल्यासारखा विरून जातो.