शिंक्यातली दौत

टेंभुरगडच्या भुजंगराव महाराजांनी तीनदा सांगितलं, "पुरे झाला मुजरा, उठा आता." पण दरबारातला एकही कारकून उठेना. सगळे आपले कमरेत वाकलेले, नजर जमिनीवर.

"ऐकू येत नाही का? उठा म्हणतोय ना मी!"

"महाराज," मागून एका बाईचा आवाज आला, "ते उठलेलेच आहेत."

ही भिकोपंत कारकुनाची बायको, तुंगाबाई. भिकोपंतांना हल्ली रस्ता दिसतच नसे, नुसती जमीन दिसे, म्हणून ती त्यांना हाताला धरून घेऊन आली होती. वाटेत त्यांना कुणाचं तरी हरवलेलं जोडवं सापडलं, पण समोरून येणारा हत्ती काही दिसला नाही.

त्याचं असं झालं होतं. कचेरीच्या छताला आग्या माश्यांनी हंड्याएवढं पोळं बांधलं, तेव्हा महाराजांनी हुकूम काढला, की सगळ्यांनी आपापलं दफ्तर घरी न्यावं आणि घरूनच कारभार करावा. झालं! कुणी धान्याच्या पोत्याला टेकून लिही, कुणी पालथं पडून, कुणी झोपाळ्यावर. झोपाळ्यावरून आलेला कागद वाचताना तर दिवाणजींना बोट लागायची. पावसाळाभर असं बसून सगळ्यांच्या पाठीचे पार विळे झाले.

महाराज भडकले. "दसऱ्याला चिखलदुर्गचे राजे पाहुणे येणार. त्यांना काय हे विळे दाखवू? दसऱ्यापर्यंत सगळे सरळ झाले पाहिजेत, नाहीतर हा रगडोबा पैलवान करेल सरळ. तेल मिळणार नाही, लेप मिळणार नाही, काम थांबायचं नाही. आणि 'ताठ बसा' असं कुणी म्हणायचं नाही. ते ओरडून ओरडून माझाच घसा बसलाय."

कोपऱ्यात रगडोबाने बोटं कडाकडा मोडली. भिकोपंतांना तो दिसला नाही, पण ऐकू मात्र आला.

तुंगाबाईने घरात पाऊल टाकलं, शिंक्यातलं दह्याचं मडकं खाली काढलं आणि तिथे नवऱ्याची शाईची दौत ठेवली. शिंकं असं टांगलं, की बसल्या जागी पाठ पार ताणून हात वर केला, तरच बोरू शाईत बुडावा.

"अगं, दर ओळीला हा हात वर!" भिकोपंत कण्हले. "मी लिहितोय की आंबे काढतोय?"

"आंबे काढताना कुणी वाकलेलं पाहिलंय का तुम्ही?"

भिकोपंतांनी बोरू उचलून हात वर केला.

ते जरा सरळ झाले, की तुंगाबाई गुपचूप शिंकं बोटभर वर घ्यायची. इतर कारकुनांच्या बायकांनी पाहिलं, त्यांनीही आपापल्या घरात दौती टांगल्या. दुधाच्या आशेने एका मांजराने उडी मारली. गल्लीतलं ते पांढरं मांजर आजतागायत काळं आहे.

दसरा उजाडला. कारकून दरबारात आले ते झेंड्याच्या काठ्यांसारखे. रगडोबाचा चेहरा उतरला. भिकोपंतांनी मागे उभ्या असलेल्या तुंगाबाईकडे बोट दाखवून शिंक्याची युक्ती महाराजांना सांगितली.

महाराजांना मात्र ते पचेना. कारण त्यांनीही पावसाळाभर पलंगावर लोळूनच राज्य केलं होतं. सिंहासनावर तक्क्या-लोडांत ते असे रुतले होते, की लांबून नुसती पगडी दिसायची.

"असं होय? मग आता मला ताठ कर," महाराज तुंगाबाईला म्हणाले. "इथल्या इथे. हात लावायचा नाही, सांगायचं नाही, काही टांगायचं नाही. जमलं नाही, तर तुझा नवरा आहे आणि रगडोबा आहे."

रगडोबा पुन्हा खुलला. भिकोपंतांनी डोळे मिटून घेतले.

तुंगाबाईने पदर सावरला. "बरं महाराज. ते राहू दे, एक निरोप आहे. चिखलदुर्गचे राजेसाहेब वेशीवर भेटले. विचारत होते, तुमचे महाराज उंचीला माझ्या खांद्याला तरी लागतात का?"

"काय?"

महाराज लोडांतून उसळून उठले. छाती पुढे, हनुवटी वर! पाठीचा कणा असा कडाडला, की बाहेरच्या ताशेवाल्यांना वाटलं इशारा झाला. त्यांनी ताशा सुरू केला.

"कुठाय तो? त्याला म्हणावं, ये इकडे, पाठीला पाठ लावून उभा राहा!"

"ते अजून यायचेत, महाराज," तुंगाबाई म्हणाली. "पण आपण झालात ताठ."

महाराजांनी मान वळवून पाहिलं. समोरची कमान कितीतरी दिवसांनी त्यांना पूर्ण दिसत होती. मग ते जे हसायला लागले, ते पगडी पडेपर्यंत हसले.

"माग बाई, काय हवं ते माग. पाटल्या? जमीन?"

"महाराज, तेवढी कचेरी उघडा. हे दिवसभर घरात असतात आणि दर घटकेला विचारतात, खायला काय आहे?"

"अगं, पण तिथे माश्या आहेत!"

"असू देत. त्या निदान स्वतःचं स्वतः करून खातात."

महाराज पुन्हा खो खो हसले. तुंगाबाईला पाटल्या मिळाल्या, पोळ्यातला सगळा मध मिळाला आणि कारकून दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेले.

पोळं काढायला अर्थातच रगडोबाला चढवलं. तो उतरला तेव्हा त्याला बसताच येत नव्हतं, पण उभा मात्र अगदी ताठ होता!