सुभानरावांचा पाचवा मजला

"...पण मग छत का नाही?"

दौलतरावांचा हा तिसरा प्रश्न. आधीच्या दोहोंना बुढनशा फकिरांनी उत्तर दिलं नव्हतं.

टेकडीवरचा तो मनोरा दौलतरावांच्या पणजोबांनी, सुभानराव इनामदारांनी बांधला. वर ना तोफ, ना घंटा, ना दिवा. गाव त्याला 'वेडा मनोरा' म्हणे आणि दौलतरावांना 'वेड्याचा पणतू'. पणजोबा वेडे नव्हते हे सिद्ध करायला ते सहा वर्षं ग्रंथ लिहीत होते. शेवटचं प्रकरण काही केल्या पुरं होईना.

फकीर मनोऱ्याच्या सावलीत गोधडी शिवत होते. दौलतराव येरझाऱ्या घालत होते.

"एकशे चाळीस पायऱ्या. पाच मजले, पाचांची घडण वेगळी. म्हणजे दर वेळी काम थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. का, बाबा?"

"वर जा. काय दिसतं ते सांग."

"शंभरदा गेलोय!"

"मोजायला गेलास, बेटा."

दौलतराव तणतणत चढले. पहिल्या मजल्यावरून हाक आली, "आमची शेतं! पार हद्दीच्या दगडापर्यंत!"

दुसऱ्यावरून, "हद्दीपलीकडचं तळं!"

तिसऱ्यावरून, "शेजारच्या गावची आमराई!"

चौथ्यावरून, "नदी... तिच्यापल्याडची गावं..."

"आणि तुमची शेतं?" फकिरांनी खालून विचारलं.

"...तळहाताएवढी."

पाचव्यावरून काहीच ऐकू आलं नाही.

दौलतराव उतरले तेव्हा त्यांना धाप लागली होती. ते मटकन खाली बसले.

"कळलं, बाबा. दर मजल्यावरून पुढचं दिसायचं, म्हणून पुढचा मजला. छत घालायला ते थांबलेच नाहीत. मरेपर्यंत... गाव खोटं बोलत नाही. वेडेच होते."

फकीर टाके घालत राहिले.

दौलतराव उठले. पुन्हा येरझाऱ्या सुरू झाल्या.

"तरी पण बाबा... पश्चिमेला ती डोंगराची धार आडवी येते ना, तेवढ्यानंच घात झाला. दहा हात! फक्त दहा हात कमी पडले. आणखी एक मजला असता, तर समुद्र दिसला असता!"

सुई थांबली.

...

बुढनशा उठले. मनोऱ्याच्या पायथ्याशी ढासळून पडलेला एक दगड त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि दौलतरावांच्या हातांत ठेवला.

"तू वर ने. चुना मी कालवतो."