नांगर धरणारा कप्तान

"बाबा, ताईत देणार की नाही?"

समुद्राकाठच्या दर्ग्यापाशी कमालबाबा फकीर विहिरीचं पाणी शेंदत होते. शेजारी कप्तान मोरेश्वर तांडेल उभा. भर समुद्रात तेलाच्या रिगपाशी हत्तीएवढाले नांगर टाकायचे, उपसायचे, हे त्याच्या जहाजाचं काम. माणूस नेक, पण ताठा असा की देवापुढेही मान वाकायची नाही.

"ताईत कशाला?"

"विंचला बांधायला. नांगराची पोलादी तार त्या यंत्रावरच गुंडाळलेली असते."

"आजवर नव्हता बांधला."

"आजवर हा नियम नव्हता! म्हणे ताणानं जहाज कलंडायला लागलं, तर बटण दाबताच तार सुटली पाहिजे. आणि दर खेपेला कामाआधी भार लावून ती सोडून बघायची. सगळ्यांच्या देखत!"

"मग बघ."

"मी? बाबा, धरलेली तार मी जन्मात सोडली नाही. खलाशांपुढे सोडून दाखवली तर बांगड्या भरल्या म्हणतील."

"बांगड्यांनी कुणी बुडाल्याचं ऐकलं नाही मी."

तांडेलचं तोंड उतरलं, पण हेका सुटेना.

"उद्या निघतोय. बटण काही तपासत नाही. तुमची दुआ असली की बास."

"मागच्या डेकवर कोण असतं? तारेपाशी?"

"माझी माणसं. धाकटा भाऊपण."

बाबांनी रिकामा पोहरा विहिरीत सोडला.

मग दोर त्याच्या हातात दिला.

"ओढ."

एवढंच ना! तांडेलनं घट्ट पकड यावी म्हणून दोराचा वेढा मनगटाला मारला, त्यावर आणखी एक, आणि वाकून पोहरा खेचू लागला.

पोहरा अर्ध्यावर आला. तोच बाबांनी त्याच्या हाताखालचा दोर पकडला आणि सगळं अंग त्यावर टाकलं.

तांडेल काठावर आपटला. छाती दगडाला, डोकं विहिरीत. वेढे कातडीत रुतले.

"सोड," बाबा म्हणाले.

"बाबा!…"

"सोड ना."

"सुटत नाही! हात… बाबा, सुटत नाही हो!"

बाबांनी अंग काढून घेतलं. वेढे सैल झाले. पोहरा दोरासकट धाडकन पाण्यात गेला.

तांडेल काठाला टेकून खाली बसला. मनगट काळंनिळं. बोटं मिटेनात.

"आणि ताईत?" शेवटी त्यानं विचारलं.

बाबा दुसरा पोहरा शोधत होते. वळलेसुद्धा नाहीत.

"धरायला तर खेकड्यालाही येतं, तांडेल."