कडी काढण्याची वेळ

२०१६ च्या फेब्रुवारीत, मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, आमच्या प्रयोगशाळेतील निवृत्तीला आलेले परिचर विश्राम गावंडे यांनी ही कथा मला सांगितली. शक्य तितकी त्यांच्याच शब्दांत देतो.

एकदा एका वृद्ध रसायनज्ञाकडे एक तरुण शिष्य तळणीच्या उरलेल्या तेलापासून डिझेल करण्याची विद्या शिकत होता. गावची पिठाची गिरणी चालवणाऱ्या आजींनी त्याला एकच संधी दिली होती. "उद्या भंडाऱ्याचं दळण आहे. तुह्या तेलावर इंजिन चाललं त चाललं, नाई त पुन्हा गिरणीची पायरी चढू नोको!"

गुरूने बजावले होते, "तेलात पाण्याचा थेंबही राहता कामा नये. राहिला, तर इंधनाऐवजी साबण होईल." शिष्याने तडतड थांबेपर्यंत तेल तापवले. ते कोमट झाल्यावर मिथेनॉलमध्ये विरघळवलेला कॉस्टिक सोडा त्यात मिसळला आणि दाराला आतून कडी लावली; आजींचे टोमणेही आत येऊ नयेत म्हणून!

सकाळी ग्लिसरीन तळाशी बसले होते. ते काढून टाकल्यावर मधाच्या रंगाचे इंधन उरले. शिष्य आनंदाने टाळ्या वाजवू लागला. तोच गुरूने झारी उचलली आणि इंधनावर हलकेच पाणी शिंपडले.

"गुरुजी! काय केलंत हे?"

"ढवळू नकोस. नुसतं पाहा."

पाणी इंधनातून खाली उतरले, ते उरलासुरला साबण घेऊन, दुधासारखे पांढरे होऊन. तिसऱ्या खेपेस ते नितळ उतरले.

गुरू म्हणाला, "बाळ, जे घडत असते त्याला पाणी नासवते, घडून झालेल्याला तेच स्वच्छ करते. काल आजींना बाहेर ठेवलेस, ते योग्यच केलेस. आता कडी काढ."

आजी आल्या. "भज्याचा वास मारते रे! अन् हे गढूळ काहून? पाणी राह्यलं यात. माह्या पोटात गेलं त चालन, इंजिनात नाई!"

शिष्याच्या ओठांवर उत्तर आले होते. त्याने ते गिळले आणि बरणीत निरखून पाहिले. आजींचे खरे होते. त्याने इंधन पुन्हा मंद आचेवर ठेवले. ते निवळल्यावर आजींनी बरणीमागे बोट धरले. बोटावरची रेघही स्वच्छ दिसली.

"आता आण," त्या हसून म्हणाल्या.

भंडाऱ्याचे सारे दळण त्या इंधनावर झाले, आणि धुराच्या वासाने गल्लीतली माणसे विचारत आली, "आजी, काय तळता?"

इंधन धुण्याची आणि निवळण्याची कृती मी प्रयोगशाळेत पडताळली आहे. इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झाले, असे मात्र गावंडेकाका ठासून सांगत; तेवढ्या भागाला मला कधीच दुजोरा मिळाला नाही. विकतच्या डिझेलवरही ते तिसऱ्या हँडलशिवाय चालू होत नसे, असेही तेच सांगत.