सोयराक्काचं मलम

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत एक एवढंसं राज्य होतं. तिथं राजा होता, पण त्याचं या गोष्टीत एवढंच काम, की त्यानं एका घरातल्या दोघा भावांना घोडे राखायला लांब नेलं. झालं राजाचं काम. आता त्याच्याबद्दल कुणी विचारायचं नाही. आणि पाय पांघरुणात घ्या आधी.

मग घरात राहिल्या दोघी जावा. थोरली सोयरा, तिला सगळे अक्का म्हणत. अक्का त्याच डोंगरातली. तिचं तोंड अखंड चालू. दळताना बोलायची, झाडताना बोलायची, चुलीतल्या ओल्या लाकडाशीसुद्धा भांडायची. धाकटी येसू, लांबच्या माळावरून लग्न होऊन आलेली, आणि स्वभावानं महासंशयी. दूध नासलं की हिला वाटायचं, कुणीतरी नजर लावली. कुत्रं भुंकलं की हिला वाटायचं, माझ्यावरच भुंकलं. असतात बरं का अशी माणसं, मी नावं घेत नाही.

येसूला एक तान्ही लेक होती, चिमी. येसूचा सगळा जीव तिच्यात.

एक दिवस येसू लाकडं आणायला डोंगरावर गेली. भादव्याचे दिवस. पिवळा टाकळा फुललेला, गुलाबी तेरडा फुललेला, उंच देठावर एकेकटी एकदांडी डुलतेय. येसू हरखलीच. माळावर कसं, फूल दिसलं की तोडलं. तिनं दोन्ही हातांनी फुलं ओरबाडली, वेणी गुंफली, केसांत माळली आणि आली घरी.

सकाळी उठते तो काय! तळहातांना बाभळीची साल फुटलेली. खरखरीत, भेगाळलेली, टोचरी. तिनं चिमीला उचललं, तर चिमीच्या गालावर ओरखडा उठला आणि रक्त आलं. चिमीनं असा टाहो फोडला म्हणता! मग येसूचे हात पुढे आले की ती अंगच चोरायची. पाजायचं तर अक्कानं बाळ धरायचं आणि येसूनं हात पाठीमागे ठेवायचे. आईनं आपल्याच लेकराला हात लावायचा नाही, हे काय जिणं झालं? येसू न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडायची.

अक्कानं ते हात पाहिले. म्हणाली, "येसू, डोंगरावरनं काय काय आणलंस गं?"

येसूच्या मनात पाल चुकचुकली. ही का विचारते? मी फुलं माळली तेही हिच्या डोळ्यांत खुपतंय वाटतं? ती म्हणाली, "लाकडं आणली. दुसरं काय आणणार?"

कोपऱ्यात सुकलेली वेणी पडली होती. अक्कानं ती पाहिली. आणि तिचं तोंड बंद झालं ते झालंच. दळताना गप्प, झाडताना गप्प, लाकूड धुमसलं तरी गप्प. येसूनं हाक मारली की नुसती मान हलवायची.

आता तुम्हीच सांगा, बडबडं माणूस एकाएकी गप्प झालं की कसं वाटतं? येसू विचार करायला लागली. अक्काला पोटी मूल नाही. चिमी हल्ली अक्काच्याच कडेवर. आणि हात नेमके माझेच बिघडले! इथं नक्की पाणी मुरतंय.

त्या सांजेला अक्कानं चिमीला शेजारच्या म्हातारीपाशी ठेवलं. ताटलीत हळद, कुंकू, तांदूळ घेतले आणि डोंगराची वाट धरली. येसू मागोमाग, दबकत दबकत. अक्का टाकळ्याच्या झुडपापाशी वाकली. मुळाशी हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ ठेवले आणि हळूच काही पुटपुटली. त्यात येसूचं नाव होतं. येसूला वाटलं, घरात माणसाशी अवाक्षर नाही आणि इथं झुडपाशी गप्पा!

मग दुसरी सांज. अक्का तेरड्यापाशी वाकली. हळद-कुंकू, तांदूळ, आणि पुन्हा येसूचं नाव. तर काय झालं, वारा नव्हता, पान हलत नव्हतं, पण तेरड्यानं मान डोलावली. "बरं," म्हटल्यासारखी. येसू घाबरून झाडामागे खालीच बसली. त्या दिवशी ती घरात जेवलीसुद्धा नाही. अक्कानं वाढलेलं, कसं जेवणार?

मग तिसरी सांज. अक्का एकदांडीपाशी वाकली. हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ ठेवले आणि कमरेला खोचलेलं काहीतरी काढून मुळाशी ठेवलं. येसूनं डोळे ताणून पाहिलं. तिचीच वेणी! तिच्या केसांतली!

मग मात्र येसूचा तोल सुटला. झाडामागून धावत आली आणि ओरडली, "सापडलीस! माझी वेणी घेऊन माझ्यावर करणी करतेस? माझी पोर हवी ना तुला? बोल! आता का दातखीळ बसली?"

अक्का दचकली. डोळे भरून आले तिचे. पण तिनं ओठांवर बोट ठेवलं, ताटली उचलली आणि खाली मान घालून डोंगर उतरली. येसूला वाटलं, बघा, गुन्हेगार कशी गप्प राहते!

सकाळी अक्का ओटीत तिन्ही फुलं घेऊन आली. ती सुपात पसरून सावलीत कोमेजू दिली. मग मंद विस्तवावर तिळाचं तेल ठेवलं. येसू दाराआडून बघतेय. तेल कशाला? माझ्या अंगावर ओतायला? अक्कानं तेलात फुलं सोडली, तडतड थांबेपर्यंत ढवळली आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळली. मग मधाच्या पोळ्याच्या मेणाचा खडा टाकला. मेण कशाला? माझी बाहुली करून टाचण्या टोचायला? मेण विरघळलं. अक्कानं ते सगळं करवंटीत ओतलं आणि निवलं तसं त्याचं पिवळंधमक मलम झालं.

अक्कानं करवंटी येसूपुढे धरली. बोलली नाही, नुसती खूण केली, लाव.

येसू मागे सरकली. "मी नाही लावत. आधी तू लाव."

अक्का थबकली. करवंटीकडे पाहिलं. पाळण्यातल्या चिमीकडे पाहिलं. मग बोटं बुडवली आणि मलम स्वतःच्या तळहातांना चोळलं.

आणि अगं बाई! अक्काच्या हातांना तडतडा बाभळीची साल फुटली.

"बघ! विष आहे! मला ठाऊकच होतं!" येसू किंचाळली.

तेव्हा अक्का बोलली. "विष नाही गं बाई. इकडं न विचारता फूल तोडत नाहीत. आधी एकेका सांजेला एकेकाला आवतण द्यायचं, कुणासाठी हवं त्याचं नाव सांगायचं, आणि मलम अंगाला लागेपर्यंत माणसाशी बोलायचं नाही. तू ती ओरबाडलीस म्हणून रुसली. तुझी वेणी त्यांना परत दिली, तेव्हा कुठं सगळी यायला कबूल झाली. पण आली तुझ्या नावानं. दुसऱ्याला लागली की अशी उलटतात. मला माहीत होतं."

"मग लावलंस कशाला?"

"नाहीतर तू लावलं असतंस का?"

येसूनं उरलेलं मलम हातांना लावलं. साल गळाली. खाली लोण्यासारखे हात. तिनं भीत भीत चिमीला उचललं. चिमीनं तिचा तळहात चाचपला आणि त्यावर गाल ठेवला. येसू हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. मग चिमी अक्काकडे झेपावली. अक्कानं चटकन हात पाठीमागे लपवले.

ते येसूला बघवेना. त्याच सांजेला तिनं ताटली घेतली. टाकळ्याला आवतण दिलं, मग तेरड्याला, मग एकदांडीला, रोज एक. प्रत्येकापाशी लाजत म्हणाली, "माझी चूक झाली. माझ्या अक्काच्या हातांसाठी या." घरात मात्र चकार शब्द नाही. शेजारच्या म्हातारीला वाटलं, जावांचं बिनसलं. अक्का मनातल्या मनात हसायची आणि दोघींच्या वाटचं एकटीच बोलायची.

मग येसूनं मलम केलं. पहिल्यांदाच केलेलं, जरा करपलं, काळपट झालं, वासही चमत्कारिक येत होता. तिनं घाबरत करवंटी पुढे धरली.

अक्कानं एका शब्दानं विचारलं नाही, यात काय घातलंस म्हणून. दोन्ही हात पुढे केले.

साल गळाली तशी अक्कानं चिमीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "पण येसू, तेल जाळलंस हो!" येसूला इतकं हसू आलं, की तिला खालीच बसावं लागलं. पुढे भाऊ घरी आले आणि सगळी एका चुलीवर आनंदात नांदली.

आता डोळे मिटा. आणि कुणाला माझ्या मांडीवर डोकं ठेवायचं असेल तर ठेवा, माझे हात मऊ आहेत.